गावच्या ग्रुपवर वाद घालताना मुद्दा कसा धरून ठेवायचा

विजयदुर्गच्या खाडीकाठी माझं गाव आहे. अलीकडे देवगड तालुका, पलीकडे राजापूर. मध्ये पाणी आणि दोन जिल्ह्यांची हद्द. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या पट्ट्याने एकामागून एक वाद पाहिले. माडबनचा ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प. नाणारची रिफायनरी आणि मार्च २०१९ मध्ये रद्द झालेली तिची भूसंपादनाची अधिसूचना. मग एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणाच्या वेळी झालेला संघर्ष. जोडीला पर्ससीन (यांत्रिक बोटीने मासळीच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) विरुद्ध रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं पारंपरिक जाळं), रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग, चिरेखाणी, खाडीतली वाळू. पूर्वी हे सगळं देवळाच्या सभामंडपात बोललं जायचं. आता ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोललं जातं आणि तिथे मुंबई-पुण्यातले, आखातात नोकरीला असलेले आपलेच लोकही असतात.

अशा एका ग्रुपची मी सात वर्षं अ‍ॅडमिन आहे. रिफायनरीचा वाद पेटला होता तेव्हा वाडीतल्या एका काकांनी ग्रुपवर विचारलं, "नोकऱ्या नक्की किती आणि कोणाला, हे कोणी सांगेल का?" मी विरोधातली. मी लिहिलं, "किती मिळाले काका?" खाली पटापट हसरे चेहरे आले. काकांचा मुलगा डिप्लोमा करून तीन वर्षं घरी बसला होता आणि ते मला माहीत होतं. त्यानंतर काकांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. पुढे एका बैठकीत समोरच्या बाजूने नेमका तोच प्रश्न केला, तेव्हा आमच्यातल्या एकाकडेही त्याचं उत्तर नव्हतं. काकांना गप्प केल्यावर उत्तर शोधायची गरजच आम्हाला वाटली नव्हती.

त्या दिवशी मला कळलं की माणसावर चालून गेलं की माणूस दुखावतोच, पण त्याहून मोठं नुकसान प्रश्नाचं होतं. तो अनुत्तरित राहतो आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते आरामात सुटतात. गाव 'दलाल' आणि 'विकासविरोधी' यांत विभागलं गेलं की प्रकल्प अहवालाची पानं कोणी उलटत नाही. खाली जे लिहिते आहे ते या एका गोष्टीसाठी: वाद जोरात घालावा, पण प्रश्न हातातून सुटू देऊ नये.

आधी वाद कशाचा आहे ते वेगळं करा

टाईप करायच्या आधीचं हे काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. एकाच वादात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: वस्तुस्थिती, अंदाज, आवड-मूल्य आणि हितसंबंध. प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या ठिकाणी मिळतं.

बारसूचंच घ्या. "सड्यावरच्या कातळशिल्पांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे" असं एक जण लिहितो. दुसरा म्हणतो, "कसला वारसा, दगडावरच्या रेघा आहेत." यावर दोन दिवस एकमेकांची अक्कल काढली जाते. वस्तुस्थिती दोघांच्या मधली आहे. कोकणातली कातळशिल्पं, बारसू धरून, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. तात्पुरती यादी म्हणजे अंतिम दर्जा नव्हे आणि नुसत्या रेघांसाठी कोणी ती यादीही करत नाही. हे एका वाक्यात सांगता येतं आणि त्यासाठी कोणाच्या शिक्षणाचा उद्धार करावा लागत नाही.

"हापूसच्या मोहोरावर परिणाम होईल का?" हा अंदाजाचा प्रश्न. इथे प्रामाणिक माणसंही वेगवेगळं बोलू शकतात. त्यांना विचारायचं ते हे, की तुमचा अंदाज कशावर उभा आहे: कुठल्या अभ्यासावर, कुठल्या दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवावर, की नुसत्या भीतीवर किंवा नुसत्या आशेवर?

"माझ्या आजोबांनी राखलेला सडा मला तसाच हवा" हे मूल्य आहे. याला पुरावा मागणं चूक आणि याला खुळेपणा म्हणणंही चूक. तसंच "माझ्या पोराने इथेच राहून कमवावं" हेही मूल्य आहे. अशा दोन वाक्यांमध्ये खरं-खोटं ठरत नसतं. ती दोन्ही मान्य करून काय मार्ग निघतो, एवढंच बोलता येतं.

मासेमारीच्या वादात तर वस्तुस्थितीच दोन टोकांना अर्धी-अर्धी वाटली गेलेली असते. "पर्ससीनला बंदी आहे" आणि "पर्ससीनला परवाना आहे" ही दोन्ही वाक्यं मी एकाच तासात वाचली आहेत, मध्ये एकमेकांच्या बापापर्यंत जाणाऱ्या ओळी. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले. निर्बंध म्हणजे सरसकट बंदी नव्हे. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापुढचं पाणी केंद्राच्या अखत्यारीत. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर मात्र केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. म्हणजे विचारायला हवं ते हे: कुठल्या जाळ्याबद्दल बोलतोय, कुठल्या महिन्यात आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर? हे तीन प्रश्न टाकले की निम्मा वाद तिथेच निवतो आणि उरलेला खरा असतो. तो मग असतो अंमलबजावणीचा: गस्त कोण घालतं, कारवाई किती बोटींवर झाली, दंड वसूल झाला का. रापणकर आणि पर्ससीनवाला, दोघांनाही हे मत्स्य विभागाला विचारता येतं.

मेसेज लिहिण्याआधी मनात एकच ओळ पूर्ण करून पाहा: "मला जाणून घ्यायचं आहे की..." ती पूर्ण होत नसेल तर तुम्ही विचारत नाही, फक्त चिडला आहात. तेव्हा फोन ठेवावा.

माणसावर आपण कुठे घसरतो

आमच्याकडच्या ग्रुपवर ठरावीक शब्द आहेत. दलाल. कंपनीचा माणूस. विकासविरोधी. पाकीट पोचलं वाटतं. चाकरमान्यांना, म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेल्या गाववाल्यांना: "मुंबईत एसीत बसून आम्हाला शिकवू नका." गावात राहणाऱ्यांना: "खेड्यात कुजलात म्हणून कळत नाही." बाहेरून येऊन बाग घेतलेल्याला: उपरा. बाईला: "तू चुलीकडे बघ." आणि जातीचं नाव न घेता जात दाखवणारे आडून मारलेले टोमणे, ते तर सगळ्यांना कळतात.

या सगळ्यांची खूण एकच. समोरच्याचं म्हणणं खरं आहे की खोटं, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. चाकरमानी मुंबईत राहतो म्हणून त्याने दिलेला पाण्याचा आकडा चुकीचा ठरत नाही. दलालानेही "दोन आणि दोन चार" म्हटलं तर ते चारच.

शिमग्यात बोंब मारायची आपल्याकडे मुभा असते. होळीच्या माळावर कोणाच्या नावाने काय ओरडलं गेलं याचा दुसऱ्या दिवशी हिशेब कोणी मागत नाही. पण ती मुभा त्या दिवसांची आणि त्या माळाची. पालखी सहाणेवरून देवळात गेली की ती संपते आणि सगळे पुन्हा एकमेकांच्या बागेत कामाला जातात. ग्रुपवर लिहिलेलं तसं संपत नाही. त्याचा स्क्रीनशॉट दोन वर्षांनी पंचायतीच्या निवडणुकीत बाहेर येतो.

भाषेची आणखी एक गोष्ट. मालवणीत "मेल्या, गप रव" हे समोरासमोर बोललं तर त्यात माया असते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत हसू दिसतं. तेच अक्षरांत उतरलं आणि तिसऱ्या माणसाने वाचलं की शिवी होते. जे आपण खळ्यात बसून बोलतो ते बोलतो तसंच लिहून चालत नाही. मालवणी जरूर लिहावी, ती आपली भाषा आहे, पण लाडाच्या शिव्या बोलण्यासाठी राखाव्यात. अहो-जाहो करणाऱ्या माणसाला भांडणात अचानक अरे-तुरे लिहिणं हा तर उघड हल्लाच असतो, बाकीचे शब्द कितीही सभ्य असोत.

पण हितसंबंध विचारायचा नाही का?

विचारायचाच. सभ्यतेच्या नावाखाली हा प्रश्न दाबला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्याची तिथे जमीन आहे का, विरोध करणाऱ्याचा त्यात काही धंदा अडकला आहे का, हे लोकांना कळायला हवं. फरक विचारण्याच्या रीतीत आहे.

"तू दलाल आहेस" हा निकाल झाला. "अधिसूचनेच्या आधीच्या दोन वर्षांत या सर्व्हे नंबरांची खरेदीखतं कोणाच्या नावाने झाली?" हा प्रश्न झाला. आणि या प्रश्नाला कागद आहे. महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा बघता येतो, 'आपली चावडी'वर फेरफाराच्या (जमिनीची मालकी बदलल्याच्या) नोटिसा दिसतात, तलाठ्याकडे फेरफार नोंद असते. आधी तो कागद काढा. कागदात काही दिसलं तर त्याबद्दल लिहा, नाही दिसलं तर गप्प बसा.

थेट माणसालाच विचारायचं असेल तर आधी स्वतःचं सांगून टाका. मी आता असं लिहिते: "माझी दोन एकर कलमं त्या हद्दीत येतात, म्हणून माझा विरोध असणं साहजिक आहे. तुमचीही तिथे जमीन आहे का? असली तरी तुमचं म्हणणं मी ऐकणारच आहे." यात आरोप नाही, दोघांनी आपापला पत्ता उघडला आहे. बहुतेक लोक याला सरळ उत्तर देतात.

सरपंच, सदस्य, आमदार, अधिकारी यांच्या कामावर मात्र कडक लिहायला काहीच हरकत नाही. निधी कुठे गेला, ठरावावर सही का केली, रस्ता तीन महिन्यांत का उखडला, हे विचारणं म्हणजे वैयक्तिक हल्ला नव्हे. त्यांचा रंग, वजन, बोलण्यातला हेल, मुलीचं लग्न कोणाशी झालं, हा वैयक्तिक हल्ला.

लिहायचं कसं

आपल्याकडे शक्ती-तुऱ्याची बारी बघत मोठे झालेले लोक हे चांगलं जाणतात. एका बाजूचा शाहीर सवाल टाकतो आणि दुसऱ्याने त्याच सवालाचा जवाब द्यायचा असतो. टोमणे मारून रंग भरता येतो, पण सवाल तसाच राहिला तर समोर बसलेला जाणकार माणूस तो मोजून ठेवतो. ग्रुपवरही तीच रीत धरावी.

पहिल्या ओळीत समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहा, तेही असं की तो म्हणेल, "होय, हेच माझं म्हणणं." हे अवघड आहे. मला अजूनही दोनदा लिहावं लागतं. मग त्यातलं जे पटतं ते एक लिहा. काही ना काही पटत असतंच. मग आपला एक मुद्दा, एकच, आणि त्याचा आधार. शेवटी एक प्रश्न. पाच मुद्दे एकत्र टाकले की समोरचा त्यातला सगळ्यात कच्चा उचलतो आणि बाकी चार पाण्यात जातात.

एक नमुना देते. महामार्गाच्या वादात एकाने लिहिलं होतं: "झाडं तोडली म्हणून रडणाऱ्यांनी बैलगाडीनेच जावं." त्यावर येणारं नेहमीचं उत्तर: "ठेकेदाराच्या चमच्याला काय कळणार." त्याऐवजी असं लिहिता येतं:

"दादा, तुमचं म्हणणं असं दिसतं की रस्ता रुंद झालाच पाहिजे, आणि झाडांसाठी तो अडकू नये. अपघात बघता रस्ता लवकर व्हावा हे मलाही पटतं. २०१६ च्या २ ऑगस्टला महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, ती रात्र कोणीच विसरलेलं नाही. माझा मुद्दा एवढाच की तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जी लावायची होती ती आपल्या टप्प्यात किती लागली आणि किती जगली? तुमचं रोज जाणं-येणं आहे, तुम्हाला कुठे दिसली का?"

शेवटचा प्रश्न त्या माणसाला कामाला लावतो. तो भांडणारा होता, आता साक्षीदार झाला.

संबोधनाला हलकं समजू नका. दादा, काका, वहिनी, गुरुजी, ताई: नात्याचा शब्द पहिल्या ओळीत लिहिला की हात आपोआप सावरतो. पण "अहो विद्वान", "साहेब, आपण थोर" असली खोटी आदरार्थी रूपं टाळा. त्यांतला टोमणा शिवीपेक्षा जास्त लागतो.

लिहून झाल्यावर मनात एक चित्र आणा: हाच मेसेज त्या माणसाच्या पडवीत बसून, त्याच्या आईसमोर, मोठ्याने वाचता येईल का? नसेल येत तर बदला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो, त्याचा उपयोग करायला लाजू नये. आवाजाच्या मेसेजला मात्र सुधारणा नाही. रागात असताना व्हॉइस नोट अजिबात पाठवू नका. कापलेला आवाज आणि शेवटची शिवी एवढंच दहा ग्रुपवर फिरतं.

पुढे ढकलण्याआधी

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची आणि त्यांचे सहकारी आगरकरांची एक गोष्ट इथे आठवते. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध हाती आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिलं. हेतू महाराजांचा छळ थांबावा हा होता. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एवढी मोठी माणसं, हेतू एवढा चांगला, तरी कागद तपासला नव्हता. आपल्याकडे तर रोज बनावट पत्रं येतात, शासनाच्या बोधचिन्हासकट.

आदेश असेल तर जावक क्रमांक, तारीख आणि विभाग बघा. राज्य शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह टाकलेले असतात, तिथे शोधा. फोटो असेल तर तो आपल्याच खाडीचा आहे का, हे तिथल्या एखाद्याला फोन करून विचारा. गावोगाव आपलं कोणीतरी असतंच, ही आपली केवढी मोठी सोय आहे. मेसेजवर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असेल तर दुप्पट सावध व्हा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतरच्या दिवसांत हे मी जवळून पाहिलं. माझी बहीण तिथे राहते. कोळकेवाडी धरणाचं पाणी कधी सोडलं, किती सोडलं, यावर लोक संतापून लिहीत होते आणि तो संताप रास्त होता, घरातलं सगळं चिखलात गेलं होतं. पण काहींनी कोणा एका कर्मचाऱ्याचं नाव आणि फोन नंबर फिरवायला सुरुवात केली. नंबर फिरवून काय मिळालं? त्या माणसाच्या घरच्यांना शिव्या. ज्यांनी वाशिष्ठी आणि शिवनदी या नद्यांतला गाळ हा मुद्दा धरून ठेवला, त्यासाठी उपोषणाला बसले, त्यांच्यामुळे गाळ काढण्याचं काम पुढे सरकलं.

कोणाचाही नंबर, घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, घरातल्या बायकांचे फोटो वादात आणू नका. यात कुठलाही अपवाद नाही.

आपल्यावर आलं तर

आधी एक भरती-ओहोटी जाऊ द्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. तेवढा वेळ उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट मात्र लगेच घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. मेसेज नंतर पुसला जाऊ शकतो.

मग शिवी बाजूला काढून आत काही प्रश्न आहे का बघा. असेल तर फक्त त्याचं उत्तर द्या. "कंपनीने किती दिले?" याचं माझं आताचं उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही. आता पाण्याच्या आकड्याबद्दल बोलूया, तो चुकीचा आहे असं तुम्हाला वाटतं का?" एकदाच. पुन्हा तेच आलं तर उत्तर नाही.

माणूस ओळखीचा असेल तर फोन करा, त्याहून चांगलं म्हणजे जाऊन या. आपल्या गावांत हे शक्य आहे. मेसेजमध्ये आग ओकणारा माणूस दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय राहत नाही. मात्र एकटं जाण्यात धोका वाटत असेल तर मधलं कोणीतरी सोबत न्या. मुखवटा लावलेल्या, नाव-चेहरा नसलेल्या खात्यांना मात्र उत्तरच देऊ नका; तक्रार नोंदवा, ब्लॉक करा.

आणि बघणाऱ्यांचं काय? दीडशे माणसांच्या ग्रुपवर दोघे भांडतात आणि बाकीचे वाचतात. ज्याच्यावर हल्ला होतो त्याला ते गप्प बसणं शिवीइतकंच टोचतं. त्याच्या मताशी सहमत नसाल तर तुम्हीच लिहिलं पाहिजे: "मी काकांच्या विरुद्ध मताचा आहे, पण त्यांना असं बोललेलं मला चालणार नाही." विरोधकाकडून आलेल्या या एका वाक्याने वातावरण निवतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या दिवशी माझ्या मेसेजखाली असं एकानेही लिहिलं असतं तर काका आज ग्रुपवर असते.

बायकांवर येतं तेव्हा, आणि कायदा

बाईने सार्वजनिक प्रश्नावर लिहिलं की उत्तर तिच्या चारित्र्यावर येतं. "दुर्लक्ष कर" हा सल्ला तिला देऊ नका. धीर धरणं, समोरच्याचं चांगलं शोधणं हे वरचं सगळं मतभेदासाठी आहे. अश्लील मेसेज, धमकी, फोटो बिघडवून टाकणं यासाठी नाही. तिथे थेट तक्रार.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव यासाठी कलम ७९, पाठलागासाठी (यात ऑनलाइन पाळतही येते) कलम ७८ आणि बदनामीसाठी कलम ३५६ आहे. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. जातीवरून अपमान असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा बघावा लागतो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. जिवाला धोका वाटला तर ११२.

बदनामीबद्दल एक समज काढून टाकायला हवा. "खरं आहे म्हणून लिहिलं" एवढं पुरत नाही. खरं असावं आणि ते सांगण्यात लोकांचं हित असावं, असा अपवाद आहे. कोणाच्या घरातलं भांडण खरं असलं तरी त्यात गावाचं हित काय?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रकल्पावर, सरकारवर, नेत्यावर टीका करणं गुन्हा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच किनाऱ्यावरच्या पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त पसंती दिली होती. देशभर त्यावर संताप उठला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात, अशा अटकांसाठी वापरलं जाणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं. कोणी "टीका केलीस, आता केस टाकतो" म्हणत असेल तर घाबरून पोस्ट पुसण्याआधी वकिलाला दाखवा.

अ‍ॅडमिन असाल तर

नियम थोडे ठेवा आणि शांततेच्या काळात ठरवा. भांडण पेटल्यावर केलेला नियम एका बाजूचा वाटतो. आमचे तीन आहेत: जात-धर्म-घरच्या बायका वादात नाहीत, आधार नसलेला आरोप नाही, रात्री दहानंतर वाद नाही. रात्री दहाला मी ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर टाकते आणि सकाळी सातला उघडते. एवढ्या एका गोष्टीने आमची निम्मी भांडणं कमी झाली.

मेसेज काढायचा तर आधी खासगीत कारण कळवते. दुसऱ्यांदा झालं तर आठ दिवस बाहेर, मग परत आत. कायमचं काढत नाही, कारण गावातून कोणाला कायमचं काढता येत नाही. अ‍ॅडमिन दोघे तरी असावेत आणि ते वादाच्या दोन बाजूंचे असावेत. माझ्यासोबतचा दुसरा अ‍ॅडमिन प्रकल्पाच्या बाजूचा आहे आणि माझ्या बाजूच्या लोकांचे मेसेज मीच काढायचे, त्याच्या बाजूचे त्याने, असं आमचं ठरलं आहे.

सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे. म्हणून भीतीपोटी सगळंच पुसत सुटू नये.

चुकलं तर

जिथे बोललात तिथेच माफी मागा. चारचौघांत मारलेला टोमणा खासगी मेसेजने पुसला जात नाही. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असं लिहू नका. काय लिहिलं होतं, ते का चूक होतं आणि मूळ प्रश्नाचं उत्तर, या तीन गोष्टी लिहा. मी काकांची माफी मागितली ती सव्वा वर्षाने, आधी त्यांच्या पडवीत आणि मग ग्रुपवर. ते परत आले नाहीत. त्यांच्या प्रश्नावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि आलेलं उत्तर त्यांच्या हातात नेऊन दिलं.

ग्रुपवरून कागदावर

ग्रुपवरचा कुठलाही वाद निर्णय घेणाऱ्यापर्यंत आपोआप पोचत नाही. आठवडाभर चर्चा झाली की त्यातले अनुत्तरित प्रश्न एका कागदावर उतरवा, दोन्ही बाजूंचे.

वस्तुस्थितीचे प्रश्न माहिती अधिकार कायद्याखाली जातात: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, न आल्यास पहिलं अपील. गावाच्या अखत्यारीतले प्रश्न ग्रामसभेत. त्या वर्षातून किमान चार व्हायला हव्यात आणि गावच्या यादीतला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. मुंबईत मतदार असलेल्या चाकरमान्याला तिथे मत नाही, पण त्याने शोधलेला कागद त्याचा भाऊ मांडू शकतो.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. किमान तीस दिवस आधी सूचना निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघता येतो. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो ऐकायला थांबा. तिथे तुमच्या आवाजाची पट्टी नोंदली जात नाही, घोषणाही नाही. नोंदला जातो तो मुद्दा आणि त्यावर कंपनीने दिलेलं उत्तर. गोंधळात माईक ओढला गेला तर तुमचा प्रश्न इतिवृत्तात येतच नाही आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारीही कोणावर राहत नाही.

म्हणून लेखी निवेदन सोबत न्या. एक विषय, क्रमांक घातलेले प्रश्न, अहवालातल्या पानाचा उल्लेख, नाव, गाव, सही. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. आणि त्या पोचेचा फोटो ग्रुपवर टाका, खाली एवढंच लिहून की ज्यांचं म्हणणं याच्या उलट आहे त्यांनीही आपलं निवेदन द्यावं, कागद मी लिहून देते.